उतार

भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या अंगाला
बोटभर उतार ठेवायचा.
हे मला कंपनीच्या ट्रेनिंगनं नाही,
जिंतूर रोडच्या एका भिजलेल्या गादीनं शिकवलं.
गादीचे पैसे माझ्या पहिल्या पगारातून गेले.

परभणी. भादवा.
पंधरा दिवस झाले, आभाळ
शिजत्या डाळीवरच्या झाकणासारखं बसलंय.
बोळाच्या टोकाला, सहा बाय आठच्या दुकानात
डहाळे घड्याळजी कपाळाला पंचा गुंडाळून,
घाम भिंगात उतरू नये म्हणून.
"पंखा लावावं तर केसाएवढी स्प्रिंग उडती.
कूलर मे महिन्यात बरा होता,
आता नुसतं ओलं फडकं मारायलाय तोंडावर."
बरोबर आहे. वाळलेल्या हवेलाच पाणी पाजता येतं.
ही ढेकर देऊन बसलेली हवा,
हिला अजून काय वाढणार?

साबेरनं शिडी धरली,
मी पट्टी ठोकली, लेव्हल बघितली, मशीन चालू केलं.
भिंत दीड हात. दगड, मुरूम, पुन्हा दगड.
बिट दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा पलीकडं निघालं
आणि पलीकडून आवाज आला,
"कोण पाडायलंय रे माझं दुकान?"

धोंडीरामची लाँड्री.
भोकातून आधी त्याचा डोळा दिसला, मग शिव्या आल्या.
मी म्हणालो, गरम हवा वर, पत्र्याच्याही वर जाईल.
तुमच्याकडं फक्त पाण्याची नळी येईल.
"कसलं पाणी?"
हवेतलं.
"खारं?"
नाही. बिनखारं.
तो गप्प झाला.
बोअरच्या पाण्यानं त्याच्या वाफेच्या दोन इस्तऱ्या मेल्यात,
तळाची भोकं चुन्यासारखी पांढरी.
नळ बारा दिवसांनी येतो.
"मग नळी जरा इकडं घ्या," तो म्हणाला, "टेबलाकडं."

तांब्याच्या नळ्या जोडल्या, पंप लावला.
आत राहिलेली हवा आणि ओल
शेवटच्या कणापर्यंत ओढून काढायची.
अर्धा तास.
नेमका हाच अर्धा तास लोक वाचवतात,
आणि पुढच्या चैतात फोन मला येतो.
पंप बंद केला. काटा तळाला, शांत.
साबेरनं चहा सांगितला.

डहाळे उठले. भिंग डोळ्यालाच होतं.
गेजच्या काचेपाशी वाकले, बराच वेळ.
"सरकायलाय."
नाही हो काका.
"केसभर. वर."
मी बघितलं. मला काहीच दिसलं नाही.
साबेरला दिसलं नाही.
चहा आला, प्यायला, कप ठेवला,
तेव्हा काटा खरंच
रेघ सोडून उभा होता.

खोलला नट. नळीच्या फुलवलेल्या ओठाला
नखाच्या टोकाएवढी चीर.
माझ्याच हाताची. अकरा वर्षांच्या हाताची.
कापून पुन्हा फुलवली. डहाळे काही बोलले नाहीत,
फक्त स्टूल ओढून गेजसमोर बसले
आणि दुसऱ्या अर्ध्या तासात
एका गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या."

मग गॅस सोडला. पाती उघडली.
पहिली थंड झुळूक आली तेव्हा
त्यांनी पंचा सोडून घडी घातली, गल्ल्यात ठेवली.
बिलातले दोनशे कमी केले त्यांनी.
मी हुज्जत घातली नाही.

रात्री नऊला फोन. बिलावरचा नंबर बघून
धोंडीराम.
"बादली भरली. आता?"
दुसरी लावा.
"दुसरी नाही.
आज नेमका नळ आलाय ना,
घागरी, टाकी, पातेली,
पोरीचा डबासुद्धा भरून ठेवलाय."
मागं थेंब वाजत होते.
"बंद होत नाही का हे?"
मी म्हणालो, डहाळ्यांना विचारा, बटण त्यांच्याकडं आहे.
"ते झोपलेत," तो म्हणाला,
"खुर्चीतच. उठवू वाटंना."