परतीचं भाडं

गाडी ठरवायला फोन केला तर
बस्त्यांव फर्नांडिस आधी तारीख विचारत नाही,
सामान विचारतो.
"बॅगो कितक्यो?"
दोन मोठ्या, एक हातातली.
"आणि माणसां?"
एक. मीच.

पलीकडे कोंबड्यांचा कालवा,
कुणीतरी नळ बंद केला.
"मगे पंधराशे पडतले."
आरोंद्याहून मोपा विमानतळ, पंधराशे!
मी लगेच ॲपवरचे दर वाचून दाखवले.
"ॲपाची गाडी हय रात्री साडेतीनाक येता काय बघ,"
तो म्हणाला, रागावून नाही,
ओहोटी कधी लागेल ते सांगावं तसा.
"आणि माझी गाडी परत रिकामी येतली.
ता कोण भरतलो?"

न बसलेल्या माणसाचे पैसे
मी का द्यायचे, हे मी त्याला
शुद्ध मराठीत समजावत होते,
तेवढ्यात पडवीतून बाबा बोलले,
जाळ्याची गाठ दातात धरून,
"दी गो तेका."

बाबा तारी होते. पूल व्हायच्या आधी
एकोणीस वर्षं किरणपाण्याला माणसं नेली:
पेडण्याच्या बाजाराला निघालेल्या बायका, नवरीकडची वरात,
कोंबड्या, सायकली, एकदा हार्मोनियम.
संध्याकाळी शेवटची फेरी
त्या काठाला उतरवून
एकटेच परत.
"रिकामी होडी वाऱ्याचा आयकता,
तारयाचा नाय," ते म्हणाले.
"येताना जास्त वल्हवचा लागता."
आणि पुन्हा गाठीकडे वळले.

मी बस्त्यांवला हो म्हटलं.
शंभर रुपये कमी करून घेतलेच.

साडेतीनला हेडलाइट माडांवरून फिरला.
मी बॅगा ओढत अंगणात आले तर
पुढच्या सीटवर बाबा,
इस्त्रीचा सदरा, पट्टा नीट लावलेला,
मांडीवर छत्री.
छत्री कशाला, चैत्रात?
कुणी विचारलं नाही.

पुलावर त्यांनी काच खाली केली.
खाली नदी दिसत नव्हती,
फक्त गार वास: शेवाळ, चिखल, थोडं डिझेल.
मी पाठीमागून त्यांचे कान बघत होते.
ते काही बोलले नाहीत.
मीही पासपोर्ट तिसऱ्यांदा तपासला.

विमानतळावर सगळं घाईत.
डिपार्चरच्या दारासमोर शिट्टीवाला माणूस,
पाच मिनिटांच्या वर थांबलं की दंड.
बस्त्यांवने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या,
एक चाक सारखं डावीकडे पळत होतं.
बाबा म्हणाले, "जा."
मी म्हटलं, जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं.
"मगे येते म्हण," ते म्हणाले,
आणि मी ते म्हणायच्या आत
शिट्टी वाजली.

आत सगळं पांढरं, उजेडाचं.
माझ्या पुढच्या बाईने पट्टा, घड्याळ, बांगड्या
एका ट्रेमध्ये ठेवल्या
जशा आंघोळीला जाताना ठेवतात.
डब्लिनच्या हॉस्पिटलचं पत्र
मी उगीचच हातात धरलं होतं,
कुणी मागितलं नाही.

गेटवर बसले तेव्हा फोन वाजला.
"पोचलंव," बस्त्यांव म्हणाला.
आणि मग गप्प. मला वाटलं
उरलेल्या शंभराचं काढतो की काय.

"तुझे बाबा येताना झोपले.
पेडण्यातच. तोंड उघडा टाकून.
मी रेडिओ बंद केलंय."
"बरं."
"पण पुलार चाक चढला नि
आपसूक जागे झाले.
मी उठवलंय नाय हां.
काच खाली केल्यानी, म्हणाले,
हळू घी, हय पाणी ओढता."

पुलावर, गाडीत.

रांग पुढे सरकली.
मी शंभर रुपये पाठवले.
त्याने ते परत पाठवले.
मी पुन्हा पाठवले.
मग विमानात बसले, फोन बंद करायला सांगितला,
आणि ते कुठल्या काठाला राहिले
ते मला अजून माहीत नाही.