नळात एकतीस वर्षं

मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ
सोलोम्बाला बेटावरचं वाचनालय माझं असतं.
सहा विद्यार्थी, एक फळा, कोपऱ्यात गळकं बेसिन
आणि खिडकीबाहेर द्वीना नदी,
वाहायचं की गोठायचं हे अजून न ठरवलेली.

तैसिया प्रोखोरोव्ना पहिल्या बाकावर.
वय अडुसष्ट. अंगातला कोट काढत नाही.
नात हॅलिफॅक्सला, नाव नोरा,
तिला आजीची भाषा येत नाही,
म्हणून आजी तिची शिकते आहे.

पहिलं पत्र तिने मला न दाखवताच धाडलं:
'मी एकतीस वर्षं नळात बसून काम केलं.
नळ फार उंच होता.
तिथून मला सगळी जहाजं दिसायची.'

चूक तिची नाही.
आमच्याकडे क्रान म्हणजे स्वयंपाकघरातला नळ
आणि क्रानच म्हणजे बंदरातली यारी,
जिच्याशी हिची यारी उभ्या जन्माची.
शब्दकोशाने तिच्यापुढे आधी नळ सोडला, इतकंच.

महिन्याने उत्तर आलं.
(आमच्या उत्तरेला उत्तरं उशिराच पोचतात.)
रंगीत खडूंनी काढलेला पिवळाधमक नळ,
नळाच्या तोंडातून डोकावणारी आजी,
खाली बादलीत एक जहाज.

वर्ग हसला. ग्लेब तर ठसका लागेपर्यंत.
तोच ग्लेब, ट्रकांच्या स्प्रिंगा बदलण्यात हयात गेलेला,
ज्याने 'स्प्रिंग उशिरा येणार' हे वाक्य वाचून
गंभीरपणे विचारलं होतं,
'ऑर्डर कोणी दिली होती?'

मी फळ्यावर लिहिलं: क्रेन.
तैसियाने शब्दकोश या वेळी उलट्या बाजूने उघडला.
बोट ठेवून ओळ वाचली. पुन्हा वाचली.
'म्हणजे ते लोक आम्हाला क्रौंच म्हणतात?
पक्षी?'
लांब मानेमुळे असेल, मी म्हटलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग आमच्याच भाषेत:
'सप्टेंबरात जायचे ते माझ्या केबिनवरून.
रांगेने. ओरडत.
एकदा मी भोंगा वाजवला, त्यांच्यासाठी.
ओंडके हवेत लटकलेले, खाली मुकादमाच्या शिव्या.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
आमचं नाव एकच आहे असं कोणी सांगितलं असतं
तर अख्ख्या दिवसाचा भरला असता.'

आता पत्राची शेवटची ओळ.
तिने घरून जुळवून आणलेला शब्द
नातीला सांगत होता, मला तुझा कंटाळा आलाय.
मी तो घाईने खोडला, 'मिस' लिहून दिला.

तिने तो बाजारात मासा पारखावा तसा पारखला,
कल्ले उघडून, डोळे बघून.
मिस: गाडी चुकली.
मिस: नेम चुकला.
मिस: कोणी नाही, आणि नसणं टोचतं.
'यातला कुठला?'
तिसरा.
'बाकीचे दोन पण राहू देत.
तिचा बाप गेला त्या रात्री मी पाळीवर होते,
विमानतळावर पोचले तेव्हा धावपट्टी झाडत होते.
आणि त्याच्याशी बोलताना माझा नेम...
दहा टन ओंडके मी खुणेवर बरोब्बर टेकवायचे, हो,
वीतभरही इकडेतिकडे नाही.
पण त्याच्याशी बोलताना.'

तिने मिस लिहिलं. अक्षर मोठं, शाळकरी.
पाकीट चिकटवायच्या आधी मी विचारलं,
'आणि तो नळ? दुरुस्त नाही करायचा?'

ती उठली, बेसिनपाशी गेली
आणि दोन्ही हातांनी त्याची चकती अशी आवळली
की ग्लेब ओरडला, 'तुटेल!'

थेंब थांबला.
पत्रातला नळ तिने तसाच ठेवला.