बेसिनपाशी

पर्समध्ये वीस कार्डं घातली होती, मोजून.
कुरापाटी टॉवेल्स, सहा माग, अशोक चौकाच्या मागं.
प्रोप्रायटरच्या पुढं माझं नाव.
छापणाऱ्यानं आधी 'श्री.' लावलं होतं,
परत छापून घेतली, त्याच्याच पैशानं.

होटगी रोडचं कार्यालय, गुंडेटींच्या मुलीचं रिसेप्शन.
गुंडेटी म्हणजे ज्यांच्याकडनं आम्ही उधारीनं सूत घेतो,
आणि आम्ही लग्नात दिसलो नाही
तर पुढच्या महिन्यात ज्यांचं सूत दिसत नाही.

नवरा होता तेव्हा तो जायचा.
मी आहेराचं पाकीट भरून द्यायचे, वरचा रुपया चिकटवून.
परत आला की शर्टाच्या खिशात लोकांची कार्डं,
धुण्याआधी काढून ठेवायचे.
मला वाटायचं, जेवायला जातो.
आता कळतं,
जेवायला मिळतच नसणार त्याला.

पुरुष गोल करून उभे राहतात, खांद्याला खांदा लावून:
सुताचा भाव, लाईटबिल, कुणाचा कंटेनर अडकलाय.
गोलाला दार नसतं.
तेलुगूतून शिरून बघितलं, बागुन्नारा अण्णा?
कानडीतून, ऊटा आयता?
मराठीत नुसतीच हसले.
तिन्ही भाषांत एकच विचारलं सगळ्यांनी,
मुलं काय करतात.

एक्स्पोर्टवाल्या बोमड्यालांनी कार्ड घेतलं,
लांब धरून वाचलं,
म्हणाले, "वा वहिनी, हिंमत आहे,"
आणि त्याच कार्डानं वारा घेत राहिले.
एसी बंद पडला होता, खरं आहे.
राग नाही आला.
एवढंच वाटलं, जरा जाड कागद घ्यायला हवा होता.

जेवून हात धुवायला गेले.
बेसिनशेजारी खिळ्याला टॉवेल,
ओला, कोपऱ्याला आमटीचा डाग.
हात पुसता पुसता थांबला.
काठाला हिरव्या तीन रेघा,
तिसरी वीतभर जाऊन तुटते, पुढं परत लागते.
आमच्या चार नंबरच्या मागाची खोड.
नरसय्याला सांगून सांगून थकले.
उलटून बघितलं. लेबल भलत्याच कुणाचं,
इंग्रजी, सोनेरी, मुकुट काढलेला.

"नवा असून पाणी पितोय बघा वो,"
शेजारची बाई म्हणाली, कोपरापर्यंत पीठ,
"कुठनं आणतात काय की."
मी म्हटलं, मी करते.
"काय चेष्टा करताव."
मग तिला ती तुटकी रेघ दाखवली.
आपली चूक दाखवून
ओळख पटवायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

शिवलीला हत्तरकी. कडक भाकरी, शेंगा चटणी,
आज हजार पानं तिचीच.
भाकऱ्या गुंडाळायला कापड लागतं तिला,
पाणी पिणारं, रंग न सोडणारं,
महिन्याला दीडशे, श्रावणात जास्त.
"पैसे रोख. पण रेघ नीट पायजे."

कार्ड काढलं तर म्हणाली, "नको, भिजंल.
तोंडानं सांगा, पाठ होतंय मला."
मी मराठीत एकेक आकडा दिला,
तिनं कानडीत घेतला,
ओंबत्तू, एंटू, नाल्कू,
डोळे मिटून, लेकराला मंत्र शिकवावा तसं.
माझाच नंबर
मला पहिल्यांदा बरा वाटला ऐकायला.

रिक्षात बसून पर्स उघडली.
कार्डं एकोणीस.
आणि खाली आहेराचं पाकीट, रुपया वर, तसंच.

"फिरवा," म्हटलं रिक्षावाल्याला.
गुंडेटींच्या वहीत नाव नसलं
तर भाकरीचं कापड काय माझ्या पदराचं विणू?

स्टेजपुढची रांग आता दाराबाहेर आली होती.
शेवटी जाऊन उभी राहिले.
रांगेचं एक बरं असतं,
शेवटी कुणालाही उभं राहता येतं.
पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं.
विचारलं, "तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?"
मी म्हटलं, सुताकडची.