एकवीस नंबरचा क्यूब

तुला ओतलं तेव्हा रबाळ्याच्या लॅबमध्ये लाइट गेलेली.
व्हायब्रेटर बंद, मॅडम, नंदेश वाकळे म्हणाला,
सळईनेच ठासू.
एका थराला पस्तीस ठोसे. मी मोजले.
पोटात बोटभर लोखंड ठेवलं,
ओल्या माथ्यावर खिळ्याने तारीख,
आणि कोपऱ्यात, नियमात नसताना,
माझा अंगठा.

तुझा जुळा, बावीस, वाशीच्या पुलाखाली टांगला.
दिवसातून दोनदा बुडायचा, दोनदा सुकायचा.
तू जहाजाने गेलास. तीन हजार दोनशे मीटर.
बाबांना सांगितलं, तर दिवाळ्याच्या धक्क्यावर
जाळं सांधता सांधता ते वाव मोजू लागले,
सतराशेच्या पुढे थांबले.
एवरी दोरी कोनाचे घरान हाय गो?

सहा वर्षं मी तुझ्यासारखे हजारो फोडले.
पुलांचे, टॉवरांचे, कुणाकुणाच्या स्टिल्ट पार्किंगचे.
तिथे नखाएवढ्या जागेवर सव्वातीनशे किलो,
लाट नाही, ऊन नाही,
गंजायला लागते तेवढी हवाही जेमतेम.
मशीनखाली कुणी किंचाळून फुटलं
की मला उगाच तुझी शांतता आठवायची.

परवा दोघं एकाच टेबलावर आलात.
बावीसला मशीन लागलंच नाही,
आतल्या गंजाने फुगून त्याचा कोपरा आधीच उडालेला.
रोजची ये-जा कुणालाही खाते,
नंदेश म्हणाला, आणि डबा उघडला.
तुझं कातडं ओल्या खडूसारखं,
तारीख पुसट.
अंगठा नव्हता.
तेवढा चुना समुद्राने सावकाश नेला.
काटा चढत गेला,
अंदाजापेक्षा थोडा आधी थांबला.
आत लोखंड दुकानातून आणल्यासारखं.
मी आकडा लिहिला, सही केली.

तुझा एक तुकडा पर्समध्ये घातला,
रजिस्टरात त्याची नोंद नाही.
बाबांनी नखाने खरवडला, जिभेला लावला.
हे आपलं मीठ नाय, म्हणाले,
आणि बराच वेळ हातात तोलत बसले.

सकाळी बघते तर दोरीने आवळून
जाळ्याच्या टोकाला बांधलेला.
एक वजन कवाधरनं कमी होतं, म्हणाले.
होडी गेली.
खाडीला तेव्हा ओहोटी होती,
बाबांच्या जाळ्याखाली पाणी असेल
फार तर दोन वाव.