थाळ्या पोचवणारा

दीड वर्ष मी त्या फक्त पोचवल्या.
नागपूरहून कोंढाळीपलीकडच्या खदानीपर्यंत,
छोट्या हत्तीत, खाली तणस पसरून,
एका खोक्यात दीडशे,
खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र.
गतिरोधक आला की श्वास धरायचो,
जसा आधी मृगाच्या संत्र्यासाठी धरायचो.
उतरवल्यावर उईके सुभेदार
एखादी कानाशी नेऊन टिचकी मारायचे.
खण्ण वाजली तर ठेव,
भद्द वाजली तर तुझ्या भाड्यातून.

आणि मग फोडायचे.
माझ्यासमोर.
पावतीवर सही होईस्तोवर
पहिल्या दहा-बारांचा भुगा.

एका रविवारी सुभेदार म्हणाले,
"तू बी मार ना लेका एखादी,"
आणि माझ्या कानांवर ते मोठाले डबे बसवले.
जग विहिरीत गेलं.
म्हणाले, हात लांब कर, पंजांची खिडकी कर,
खिडकीत तो पळस धर.
आता डावा डोळा मीट.
पळस पळाला.
म्हणजे तुझा मालक डोळा डावा.
सत्तेचाळीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं.
त्यांनी चष्म्याच्या डाव्या काचेवर
चिकटपट्टीचा तुकडा लावला
आणि मालकाला घरी बसवलं.

पहिलीला मी थाळी बघितलीच नाही,
नळीच्या टोकावरचा मणी बघत राहिलो.
दुसरीला गाल उचलला.
तिसरी, मागं.
चौथी, मागं.
काटोलचा संत्रेवाला म्हणाला मागं,
दातांचा डॉक्टर म्हणाला मागंच, पण कमी मागं.
नूपुर ढोबळे, वय सोळा, खिशात काडतुसं आणि चिंचा,
म्हणाली, काका, ती आहे तिथं नका मारू,
ती जाणार तिथं मारा.
मी म्हटलं, पोरी, मी गाडी अशीच चालवतो,
म्हैस उभी आहे तिकडं नाही,
निघणार तिकडं बघून.
पण म्हैस साठच्या वेगानं आभाळात जात नाही.

यंत्र आवाजावर चालतं. "पुल" म्हणायचं असतं.
माझ्या तोंडून निघालं "सोड!"
त्याला इंग्रजी येत नाही, मराठीही नाही.
सुटली.
मग मी नुसता खोकलो, तरी सुटली.
सगळे इतके हसले
की त्या हसण्यानं अजून एक गेली.

मग चहा आला. बंदुका मोडून रॅकला लावलेल्या.
खदानीच्या पाण्याकडून टिटवी ओरडली
आणि एक थाळी निघाली.
कोणाचीच नव्हती ती.
नारंगी, गरगरत,
बाभळीवरून गेली, वाकली,
आणि कुसळीच्या गवतात उतरली,
एखादी पाहुणी एसटीतून उतरावी तशी,
इकडंतिकडं बघत.
डॉक्टरांचं बिस्कीट चहात पडलं.

एकविसावीला मी काय केलं, माहीत नाही.
गालाला दणका बसला,
खांद्यातलं जुनं दुखणं उठून उभं राहिलं,
आणि वर काळा धूर होता, थाळी नव्हती.
माझ्या मनात पहिलं हेच आलं,
ही आता माझ्या नावावर पडणार.
सुभेदार काही बोलले नाहीत,
नुसते पुढची भरायला सांगून
दुसरीकडं बघू लागले.

नंतर तुकडे गोळा करायला गेलो, सवयीनं.
मातीचं कबूतर म्हणतात हे लोक.
माती नाही त्यात.
डांबर आणि चुनखडीची भुकटी,
नाकाशी धरलं तर रस्त्याच्या कामाचा वास.
दीड वर्ष मी रस्त्यावरून
रस्त्याचेच तुकडे नेत होतो, सांभाळून.

टिटवीची थाळी गवतात सापडली.
टिचकी मारली.
खण्ण.
ती टोलच्या पावत्यांवर वजन म्हणून ठेवली
आणि रिकाम्या गाडीनं
प्रत्येक गतिरोधकावर थांबत थांबत आलो.

रात्री बनियन काढताना
बायकोला निळा पडलेला खांदा दिसला.
"कोनासंग भांडून आले?"
मी म्हटलं, एक लागली.
ती म्हणाली, "कोनाले?"