डावा हात

देगू शहरातल्या इस्पितळात, तळमजल्यावर,
माझ्या खोलीला खिडकी नाही.
मी डाव्या हातांचे एक्स-रे काढते.
छोटे हात. नखांवर उरलेलं स्केचपेन,
तळव्याला चिकटलेली खाऊची साखर.
"बोटं पसर. चांदणीसारखी. आता हलायचं नाही."

काल अकरा हात आले.
सगळ्यात मोठा साडेआठ वर्षांचा.
सगळ्यात धाकटा दीड वर्षांचा,
तो आजीनं मनगटाशी धरून ठेवला
आणि शिशाचा जड एप्रन अंगावर असताना
ती पोरीवरच वाकून राहिली.
डॉक्टर म्हणाले होते, इतक्या लहानपणीचं
पुष्कळदा आपोआप ओसरतं.
'पुष्कळदा' हा शब्द आजीनं
मलाही एकदा म्हणायला लावला.

आया दाराशी रेंगाळतात.
पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर.
डॉक्टरांना विचारायचं राहिलेलं मला विचारतात,
आवाज खाली, जणू भिंतीपलीकडे सासर बसलंय:
"हे... हल्ली बऱ्याच जणींना होतं ना?"

मला काही सांगायची परवानगी नाही.
मी म्हणते, "गर्दी असते."
तेवढ्यानं काहींचे खांदे सैल होतात,
काहींचे आणखी ताठ.
गर्दीत असणं म्हणजे सुखरूप असणं नव्हे,
हे त्यांना माझ्याहून बरं कळतं.

कारणं त्यांना तोंडपाठ असतात:
सोयाबीनचं दूध, कोंबडी, प्लास्टिकचा डबा,
रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल.
एकीनं तर गरोदरपणी खाल्लेल्या
डाळिंबांचा हिशेब मांडला माझ्यापुढे,
एकूण सात.
मी सातही माफ केली.
मला कुठला अधिकार, पण केली.

पडद्यावर हाडं उजळतात.
मनगटात नदीतल्या खड्यांसारखी, एकेक उगवणारी,
आणि पेरांच्या टोकाशी ती काळी फट
जिथून उंची येते.
फट रुंद दिसली की मी नकळत श्वास सोडते.
अरुंद दिसली तर
चित्र वर पाठवते आणि मशीन पुसायला घेते.

युन्सल सात वर्षांची.
वर्गाच्या फोटोत शेवटच्या रांगेत.
बाई खुर्च्या उचलायला तिलाच सांगतात.
बसवाला मोठ्यांचं तिकीट मागतो,
आई हल्ली भांडत नाही, देऊन टाकते.
हात पाटीवर ठेवून तिनं विचारलं,
"मावशी, हा माझी चहाडी करणार?"
"कसली?"
"की मी मोठी झाले."
"झालीस का?"
तिचा पुढचा दात हलत होता. जिभेनं ढकलून पाहिला.
"मला अजून कळवलं नाही कुणी."

मीही हाडापेरानं थोराड होते,
चोंगदोच्या डोंगरात, तांबड्या फळांच्या बागांमध्ये.
नववं लागलं आणि आईनं
थोरल्या भावाचा सैल सदरा माझ्या अंगावर चढवला.
दोरीवरच्या उड्या बंद झाल्या.
का, ते सांगितलं नाही.
मला कितीतरी दिवस वाटायचं, दोरीच तुटली असेल.
तेव्हा कुणाचा हात कुणी तपासत नसे.
आम्ही खरंच थोड्या होतो
की नुसत्याच न मोजलेल्या?
तीस वर्षं हात बघतेय,
मला ठरवता आलेलं नाही.

वयात येणं म्हणतात.
कुणाच्या वयात, ते विचारावंसं वाटतं.

"झालं. उठ आता."
टेबलाशी लाकडी पायरी ठेवलेली असते.
युन्सलनं ती वापरली नाही.
दोन्ही पाय जुळवून उडी मारली,
खोलीभर आवाज झाला,
आई दाराबाहेरून ओरडली, "हळू!"

चित्र अजून उमटत होतं.
मी पुढचं नाव पुकारलं.