प्रश्न क्रमांक सतरा

उणे सव्वीस. पेनातली शाई गोठते
म्हणून आम्हाला पेन्सिली दिल्यात,
आणि दर दीडशे घरांमागे एक घर.
शितावरून भाताची परीक्षा, साहेब म्हणाले,
बिश्केकमध्ये, रेडिएटरला पाठ लावून.

माझं शीत : कालीपा जुमाबायेवा,
वय एकेचाळीस, गावातलं दूध गोळा करते,
नवरा नोवोसिबिर्स्कला कुठल्यातरी गोदामात.
दोन मुलं, बूट घालूनच अभ्यासाला बसलेली.

एक ते सोळा सरळ गेले.
वीज आहे? आहे.
सौर साधन? आहे.
(उन्हाळ्यात चराईवर, तंबूच्या छपरावर असतं.
आता अंगणात कोळशाच्या ढिगावर पालथं घातलंय,
बर्फ आत जाऊ नये म्हणून.
पण आहे. मी खूण केली.)

अशा खुणा जमून जमून आमचा देश उजळ होतो.
आमची वीज नदीची. धूर नाही, राख नाही.
नारीन उतरते, पाती फिरतात,
आणि जगाच्या तक्त्यात आम्ही हिरव्या रंगात,
ज्यांची नावं मुलं भूगोलात पाठ करतात
अशा काही देशांच्याही वर.
मला याचा अभिमान वाटतो. खोटं कशाला बोलू.

प्रश्न सतरा : घर कशाने तापवता?
एकच पर्याय निवडा.

"किती वाजता?" कालीपानं विचारलं.

तसं काही छापलेलं नव्हतं.

"पहाटे लेंड्या. मेंढवाड्यातून विटांसारख्या कापून आणते.
दुपारी ही खिडकी. ऊन धरता का तुम्ही?
संध्याकाळी विजेची शेगडी,
गावानं एकदम लावली नाही तर. लावतातच.
मग तो दिवा बघ, अंड्यातल्या बलकासारखा होतो
आणि जातो.
रात्री कोळसा.
कोळसा संपला की आम्ही तिघं एका पांघरुणात.
त्याला चौकोन आहे?"

नव्हता.

"धरणात पाणी उतरलंय म्हणे," ती म्हणाली,
"आडात नाही, तर तारेत कुठून येणार."

मग तिनं मला दुधाची नळी दाखवली, काचेची,
आत पाऱ्याएवढा जड ठिपका, बाजूला रेघा.
"दुधात पाणी किती, हे ही बरोबर सांगते.
माझ्या मापात पाप नाही.
पण पाणी कुणी घातलं,
आणि त्या घरी सकाळी काय झालं होतं
म्हणून घातलं, ते सांगत नाही.
मी विचारते कधीकधी. कधीकधी नाही विचारत."

तिनं चहा ओतला. चुलीतली एक वीट फुटली.
मी 'वीज' या चौकोनावर पेन्सिल नेली
(साहेबांना आवडलं असतं),
मग 'घन इंधन'वर,
मग पेन्सिल कानामागे ठेवली आणि उठून
खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं. का, माहीत नाही.
आमची आई पाहुण्यांकडे गेली की असंच करायची,
परतताना वाटभर त्या घराविषयी बोलायची.

बोट काळं झालं. कालीपा हसली नाही.
"आजच पुसलाय," म्हणाली.

मार्चमध्ये फोन आला. सतराव्याचं उत्तर कोरंच होतं,
पण यंत्रानं वाचलंय ते : 'इतर'.
कागदावर डाग होता. ठशासारखा काहीतरी.
तो चौकोनात बसला.

"इतर म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं,
"अहवाल परवा जायचाय."

मी म्हटलं, सांगते, पण थोडा वेळ लागेल,
पहाटेपासून सुरू करावं लागेल.

पलीकडे कुणीतरी दार उघडलं असावं. गरम हवेचा,
पाइपातून पाणी फिरतं तसा आवाज आला.

"एका ओळीत," ते म्हणाले.